गिनी कोंबडीचे बारमाही संगोपन : पिल्लांची वेळ मृगाआधी साधा



पावसाळा सुरू झाला की गिनी कोंबड्या पाळणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. घरच्या खुडूक कोंबडीखाली गिनीची अठरा अंडी बसवली, त्यांतून सोळा पिल्ले निघाली, घरात आनंदीआनंद झाला. पाचव्या-सहाव्या दिवशी कोंबडी पिल्ले घेऊन बांधावर गेली. भुरभुर पाऊस होता, गवत ओले होते. संध्याकाळी मोजली तर पाचच पिल्ले राहिलेली. बाकीची बांधावर पाय ताणून पडलेली. हगवण नाही, खोकला नाही, मुंगसाचा दात नाही. मग माणूस म्हणतो, ही जात आपल्याकडे टिकत नाही.

मंडळी, जात टिकते. चुकली ती वेळ.

गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेतली. अंगावर करड्या रंगात पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा, मान जवळजवळ बोडकी. उत्तरेकडे तिला तितरी किंवा चित्रा म्हणतात. नावावरून कोणी घोटाळा करू नये. रानातला तित्तर हा वेगळा पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला धरण्यास किंवा मारण्यास बंदी आहे. गिनी मात्र कोंबडीसारखाच पाळीव पक्षी. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे या पक्ष्याचे तीन सुधारित वाण तयार केले आहेत. पाखरे विकत घ्यायची असतील तर खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावीत. आठवडी बाजारातल्या डालग्यातून घेतलेल्या पाखरांबरोबर रोगही घरी येतो.

मोठी झालेली गिनी फार काटक. ऊन सोसते, थंडी सोसते, कोंबडीला होणारे कितीतरी आजार तिच्या वाटेला क्वचित जातात. पण तीच गिनी पहिले महिना-दीड महिना अत्यंत नाजूक असते. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याचे वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम. अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. ती लव दवाने किंवा पावसाने भिजली की अंगाला चिकटते, अंगातली ऊब निघून जाते आणि पिल्लू काकडून मरते. त्याला रोगाची गरजच पडत नाही. त्यात गिनीची मादी आई म्हणून भलतीच बेफिकीर. पहाटेच्या ओल्या गवतातून ती तरातरा पुढे चालते, मागे किती राहिली हे वळून पाहत नाही. म्हणून गिनीची अंडी गिनीखाली ठेवू नयेत. देशी कोंबडीखाली ठेवावीत, आणि त्या कोंबडीलाही पिल्ले घेऊन हिंडू देऊ नये.

हिशेब उलटा मांडा

अडचण अशी की गिनी अंडी देते ती मुख्यतः मार्च ते सप्टेंबर. दिवस मोठा होऊ लागला की ती अंड्यावर येते, दिवस लहान झाला की थांबते. म्हणजे निम्मा हंगाम पावसाळ्यात जातो. आपण जून-जुलैत अंडी बसवली तर पिल्ले भर पावसात निघणार. त्यासाठी मृगापासून मागे मोजत या. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. त्या दिवशी पिल्लू निदान सहा आठवड्यांचे, म्हणजे पिसांनी भरलेले असावे. म्हणून ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत निघाले पाहिजे. अंडे उबायला २६ ते २८ दिवस लागतात. तर अंडी मार्चच्या अखेरीस बसायला हवीत. शिमगा झाला की अंडी जमवायला लागा आणि पाडव्याच्या आसपास कोंबडी बसवा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

पाडवा काही वेळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबतो. तेव्हा मात्र सणासाठी थांबू नये. पंधरा दिवस उशीर झाला तरी पिल्ले वाचतात, पण मग त्यांना जूनभर घरातच ठेवावे लागते.

बसवायची अंडी सात-आठ दिवसांपेक्षा जास्त शिळी नसावीत. उन्हाळ्यात ती माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, टोक खाली करून ठेवावीत. धुऊ नयेत. गिनीचे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, साधारण चाळीस ग्रॅमचे, त्यामुळे एका कोंबडीखाली पंधरा ते अठरा सहज मावतात. मात्र कोंबडीची सवय एकवीस दिवसांची. काही कोंबड्या बाविसाव्या दिवशी उठतात आणि परत बसत नाहीत. म्हणून पूर्वी चांगली टिकून बसलेली, जाणती कोंबडी निवडावी. तिच्या अंगावर उवा-पिसवा असतील तर त्या आधी घालवाव्यात. उवांनी बेजार झालेली कोंबडी अठ्ठावीस दिवस काढत नाही. गिनीच्या अंड्यांबरोबर तिची स्वतःची अंडी मिसळू नयेत. एकविसाव्या दिवशी तिची पिल्ले निघतील आणि ती गिनीची अंडी टाकून उठेल.

पहिले सहा आठवडे

पिल्ले निघाली की ती कोंबडीसह किंवा कोंबडीविना, पण कोरड्या बंद जागेत ठेवावीत. कोंबडीविना ठेवली तर ऊब आपण द्यायची. बांबूच्या तट्टीचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करा. गोलच करा. चौकोनी खोक्यात पिल्ले घाबरून कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. गिनीला घाबरायला कारण लागत नाही. भांडे पडले, कुत्रे भुंकले, तरी पुरते.

पंचवीस पिल्लांना साठ वॅटचा तारेचा बल्ब टांगावा. आता घरोघर एलईडी दिवे आले आहेत. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे विसरू नका. त्या दिव्याखाली पिल्ले ठेवून रात्रभर निर्धास्त झोपलेल्यांनी सकाळी मेलेली पिल्ले उचलली आहेत. तारेचा बल्ब मिळाला नाही किंवा वीज जात असेल तर मातीच्या शेगडीत निखारे घेऊन वर राख पसरावी, भोवती जाळी लावावी, आणि धूर कोंडणार नाही अशी वाट ठेवावी. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश सेल्सिअस असावी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करावी. थर्मामीटर नसला तर पिल्लांकडे पाहा. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी टाकली असेल तर उकडते आहे. सारख्या अंतरावर पसरून चरत असतील तर सगळे ठीक. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दिवसा बल्बची गरजच पडत नाही, उलट सावली करावी लागते. फक्त पहाटे ऊब द्यावी. पाडव्याला अंडी बसवण्याचा हा दुसरा फायदा, विजेचा खर्चही वाचतो.

खाली वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि ती कायमची अधू होतात. जुने गोणपाट अंथरावे, तीन-चार दिवसांनी त्याखाली तूस किंवा भुसा घालावा. पाण्याचे भांडे उथळ घ्यावे आणि त्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाकावेत. वाटीभर पाण्यातही गिनीचे पिल्लू बुडते आणि बुडाले नाही तरी भिजते, म्हणजे तेच ते.

खाद्याच्या बाबतीत एक मोठी चूक सर्रास होते. कोंबडीच्या पिल्लांना घालतो तशा कण्या घातल्या जातात. कण्यांवर गिनीचे पिल्लू वाढत नाही. पहिल्या महिन्यात त्याला २४ ते २५ टक्के प्रथिने लागतात, म्हणजे कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरीच जास्त. घरी खाद्य करायचे तर शंभर किलोत मका भरडून ४५ किलो, सोयाबीन पेंड ३०, शेंगदाणा पेंड ८, सुकटीचा कुटा ८, भाताचा बारीक कोंडा ६, खनिज मिश्रण अडीच आणि मीठ अर्धा किलो, असे धरावे. सुकट खारवलेली असेल तर मीठ घालूच नये. पिल्ले थोडी असतील तर याच हिशेबाने दहा किलो करावे. जीवनसत्त्वांची भुकटी औषधांच्या दुकानातून घेऊन पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मिसळावी. सोयाबीन घरचे आहे म्हणून कच्चेच दळून घालू नये, त्यातली प्रथिने पिल्लांना पचत नाहीत. पेंडच वापरावी. एवढा खटाटोप नको असेल तर मांसल कोंबडीच्या लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य आणावे, पण त्यात कोणती औषधे मिसळली आहेत हे पशुवैद्यकाला दाखवून घ्यावे. कोंबडीला चालणारे प्रत्येक औषध गिनीला चालतेच असे नाही.

पाचव्या आठवड्यापासून पेंडीचे प्रमाण थोडे कमी करून मका-ज्वारी वाढवावी आणि बारीक चिरलेला लसूणघास, शेवग्याचा पाला द्यावा. सुधारित वाणाचे पाखरू चांगल्या खाद्यावर बारा आठवड्यांत किलोच्या आसपास भरते.

घर कसे असावे

गिनीला झाडावर बसायची हौस. झाडावर बसू दिली तर पावसात भिजते आणि घुबड, रानमांजर यांच्या तोंडी जाते. म्हणून रात्रीला घर हवेच. पंचवीस मोठ्या पाखरांना आठ फूट बाय आठ फुटांची खोली पुरते. लांबीचे घर बांधायचे तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन सरळ आत येत नाही. जोते जमिनीपासून फूटभर उंच, मुरूम ठोकून घ्यावे. कोकणात जोत्याने भागत नाही. तिथे दोन फूट उंच बांबूचा माच करून त्यावर घर उभारलेले बरे. भिंत दीड फूट, वर जाळी. खालची जाळी अर्ध्या इंचाची असावी, त्यातून मुंगूस आणि साप येत नाहीत. मोठ्या भोकाच्या जाळीवर पैसे वाचतात आणि पाखरे जातात.

आत जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर आठ फुटांचे तीन बांबू आडवे बांधावेत. गिनी जमिनीवर झोपत नाही. अंधारे घर असेल तर ती संध्याकाळी आतच शिरत नाही, दारात घुटमळते. आत मंद दिवा ठेवावा, सगळी बसली की मालवावा.

नवी पाखरे आणली की तीन-चार आठवडे घराबाहेर सोडू नयेत. त्यांना हे आपले घर, असे वाटले पाहिजे. नंतर आधी निम्मीच सोडावीत. आतल्या पाखरांच्या ओरडण्याने बाहेरची लांब जात नाहीत. आणि खरी किल्ली खाद्यात आहे. सकाळी मूठभरच टाकावे, म्हणजे पाखरू चरायला जाते. मोठा घास संध्याकाळी, घरातच, रोज एकाच वेळी, एकच हाक मारून द्यावा. आठ-दहा दिवसांत ती हाक ओळखतात. तरीही कुंपणावरून उडत असतील तर एकाच पंखाची कडेची सहा-सात मोठी पिसे कातरावीत. दोन्ही पंख कातरले तर तोल सांभाळून ती उडतातच. नवी निघालेली, मुळाशी रक्त असलेली पिसे कापू नयेत.

उन्हाळा

उन्हाळ्यात मोठी गिनी मरते ती उन्हाने कमी आणि तापलेल्या पत्र्याखाली कोंडल्याने जास्त. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा गवत टाकावे, नाहीतर चुन्याचा पांढरा हात मारावा. पाचट टाकल्यास चूल आणि विडी लांब ठेवावी, हे सांगायला नको. पश्चिमेच्या जाळीवर गोणपाट बांधून दुपारी त्यावर पाणी मारावे. पाणी मातीच्या परातीत, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून द्यावे. दुपारी खाद्य घालू नये. पहाटे आणि ऊन कलल्यावर घालावे.

हाच अंड्यांचा भर. अंड्यावरच्या पाखरांना १७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि भरपूर चुना लागतो. मका किंवा ज्वारी ५५ किलो, कोंडा १४, सोयाबीन पेंड १८, सुकट ५, शिंपल्यांचा चुरा ६ आणि खनिज मिश्रण २ किलो, हे मिश्रण चालते. कोंडून ठेवलेल्या पाखराला दिवसाला शंभरेक ग्रॅम लागते. चरून येणाऱ्याला संध्याकाळी चाळीस-पन्नास ग्रॅम पुष्कळ.

गिनी अंडी लपवते. तुरीच्या ओळीत, निवडुंगाच्या आडोशाला, कुठेही. दोन-तीन माद्या एकाच ठिकाणी घालतात. बहुतेक अंडी दुपारपर्यंत पडतात, तेव्हा अकरा-बारापर्यंत पाखरे कोंडून ठेवली तर निम्म्याहून अधिक अंडी घरातच सापडतात. बाहेर जागा सापडली तर सगळी अंडी उचलू नयेत. चार-पाच ठेवून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी आणि नवी तेवढी घ्यावीत. सगळी उचलली की मादी जागा बदलते आणि तुमचा शोध पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळा

पेरणीच्या दिवसांत पाखरे पंधरा-वीस दिवस रानात सोडू नयेत. गिनी कोंबडीइतके उकरत नाही हे खरे, पण पेरलेला दाणा आणि कोवळा कोंब टिपतेच. आणि आजकालचे बियाणे औषध लावलेले असते. असे पाच-दहा दाणेही पाखराला घातक. फवारणी झालेल्या रानाचेही तेच. फवारून मेलेला किडा खाऊन गिनी मेली, तर दोष गिनीचा नाही. पिके उभी राहिल्यावर मात्र बांधावरचे नाकतोडे, वाळवी, गोठ्याभोवतीच्या गोचिड्या ती मन लावून टिपते.

पावसाळ्यात सर्वांत जपायचे ते खाद्य. ओलसर पेंडीवर बुरशी येते आणि ती बुरशी विष तयार करते. शेंगदाणा पेंडीत आणि मक्यात हे जास्त. बुरशी झटकून, वाळवून विष जात नाही. ती पेंड गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये, खड्ड्यात टाकावी. पैसे जातात, पण कळप राहतो. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे, फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवावे.

अंथरूण मुठीत दाबून पाहावे. गोळा होत असेल तर ते ओले आहे. वरचा थर काढून कोरडे तूस आणि थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. ओल्या अंथरुणातून रक्ती हगवण लागते. पावसाच्या बाजूला गोणपाटाचे पडदे सोडावेत, पण समोरची बाजू मोकळी ठेवावी. कोंडट घरात अमोनियाच्या वासाने डोळ्यांना पाणी येते, तुमच्याही आणि पाखरांच्याही. जंताचे औषध पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, पशुवैद्यकाला विचारून द्यावे. राणीखेत म्हणजे मानमोडीची लस गिनीलाही टोचून घ्यावी. ही काटक आहे म्हणून लस टाळू नये. एकाएकी बरीच पाखरे मेली तर ती ओढ्यात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झाले, हे खानदेशातल्या पोल्ट्रीवाल्यांना सांगायला नको.

हिवाळा

हिवाळा गिनीला मानवतो. कोरड्या थंडीने मोठ्या पाखराला काही होत नाही, वारा मात्र आडवावा. अंथरूण चार इंच जाड करावे. संध्याकाळी बाजरी किंवा मका थोडा वाढवावा, रात्रीची ऊब त्यातून मिळते. पिसे झडून नवी येत असतात तेव्हा मूठभर पेंडही द्यावी. अंडी बंद होतात म्हणून माद्या वांझ झाल्या असे समजून पुष्कळ जण त्या विकून टाकतात आणि मार्चमध्ये हात चोळत बसतात. असे करू नये.

याच दिवसांत पुढच्या वर्षासाठी पाखरे निवडावीत. चार माद्यांना एक नर पुरतो. नर-मादी दिसायला सारखे. नराच्या चोचीखालचे लोंबते लाल कल्ले मोठे असतात, पण खरी ओळख आवाजावरून. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच सुरात ओरडत राहतो. घाबरली की मादीही नरासारखी ओरडते, म्हणून शांत वेळी, एकेक पाखरू वेगळे करून ऐकावे आणि मादीच्या पायाला रंगीत दोरा बांधावा.

आता ज्यांची पाचच पिल्ले उरली आहेत, त्यांच्यासाठी. त्यांना आजच आत घ्या. ओली असतील तर कोरड्या फडक्याने पुसून दिव्याखाली ठेवा, गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग पाणी, मग खाद्य. सहा आठवडे पुरे होईपर्यंत, बाहेर लख्ख ऊन पडले तरी, गवत सुकल्याशिवाय सोडू नका. पाचांत दोन माद्या निघाल्या आणि एक नर, तर पुढच्या शिमग्याला कोंबडीखाली ठेवायला तुमच्या घरचीच अंडी असतील. जून-जुलैत निघणारी बाकीची अंडी बसवू नका. ती खा, नाहीतर विका. कवच जाड असल्याने बाजारापर्यंत ती फुटत नाहीत आणि कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त दिवस टिकतात.